स्मृतीतील पंचेचाळीस पट

१९३९ मध्ये अँटवर्पच्या बंदरातून ‘पिरियापोलिस’ हे जहाज अर्जेंटिनाकडे निघाले. ब्वेनस आयरेस येथे भरणाऱ्या बुद्धिबळ ऑलिंपियाडसाठी युरोपातील अनेक संघ त्यात होते. पोलंडच्या संघात एकोणतीस वर्षांचे मोईशे मेंडेल नायडॉर्फ हे ज्यू खेळाडू होते. पत्नी व लहान मूल मागे राहिले होते. काही आठवड्यांचाच तर प्रश्न होता!

स्पर्धा चालू असतानाच १ सप्टेंबरला जर्मन सैन्य पोलंडमध्ये घुसले. पोलंड-जर्मनी सामना न खेळताच गुण समान वाटले गेले. शेवटी जर्मनी पहिला आला आणि पोलंड अवघ्या अर्ध्या गुणाने मागे राहिला. नायडॉर्फ परतले नाहीत. १९४४ मध्ये ते अर्जेंटिनाचे नागरिक झाले. मोईशेचे मिगेल झाले. विम्याच्या व्यवसायात त्यांनी पुढे चांगला पैसा मिळविला.

परंतु घरच्यांची वार्ता कळत नव्हती. आपले नाव वृत्तपत्रांतून पोलंडपर्यंत पोचले, तर वाचलेला एखादा आप्त आपला शोध घेईल, या आशेने त्यांनी जानेवारी १९४७ मध्ये साऊँ पाउलो येथे पंचेचाळीस पटांवर एकाच वेळी, एकही पट न पाहता, खेळण्याचे ठरविले. प्रतिस्पर्धी थकला की त्याच्या जागी दुसरा बसे. नायडॉर्फ यांना मात्र बदली नव्हता. असे खेळताना पटांचे गट पाडून प्रत्येक गटात वेगळी सुरुवात करण्याची युक्ती योजतात. तरीही काही खेळ्यांनंतर प्रत्येक डाव आपली वाट धरतो, आणि मग स्मरणशक्तीशिवाय आधार उरत नाही. हा खेळ सुमारे साडेतेवीस तास चालला. एकोणचाळीस डाव त्यांनी जिंकले, चार बरोबरीत सुटले, दोन हरले. त्यानंतर कित्येक रात्री त्यांना झोप आली नाही, असे सांगतात.

हा विक्रम जगभर गाजला. पण ज्यांच्यासाठी तो केला, त्यांपैकी कोणी ऐकावयास उरले नव्हते. पत्नी, मूल, आईवडील आणि भाऊ नाझींच्या संहारात मारले गेले होते.

खेळ मात्र सुटला नाही. १९४६ मध्ये ग्रोनिंगन येथे त्यांनी बॉटविनिक यांना हरविले होते. तरी १९४८ च्या विश्वविजेतेपदाच्या स्पर्धेत त्यांना स्थान मिळाले नाही, हा अन्यायच म्हणावा लागेल. १९५० मध्ये ग्रँडमास्टरांच्या पहिल्या यादीत ते होते. १९७० मध्ये बेलग्रेड येथे, साठीच्या उंबरठ्यावर, त्यांनी माजी विश्वविजेते ताल यांच्याशी चार डावांत बरोबरी साधली. सिसिलियन बचावात पाचव्या खेळीला काळ्याच्या वजिराकडील हत्तीपुढचे प्यादे एक घर सरकविण्याची पद्धत त्यांच्या नावाने रूढ झाली. ती त्यांनी शोधली असे नव्हे; चेक खेळाडू ओपोचेन्स्की आधीच ती खेळत. पुढे फिशर, कास्पारॉव्ह आणि आपले आनंद यांनीही तिचा अवलंब केला.

वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, १९९१ मध्येही ते अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरले. ४ जुलै १९९७ रोजी स्पेनमधील मालागा येथे त्यांचे निधन झाले.