वेग आणि सावधगिरी

मुलांनो, मौदा येथील एका किराणा दुकानाची कल्पना करा. नेहमीचे गिऱ्हाईक पायरी चढताच तत्पर नोकर मागणीची वाट न पाहता कोठीतून साखर आणतो. अंदाज चुकला, तर तो ती परत ठेवतो. पण फळीवर चार कण सांडलेले राहतात. त्यांवरून कोठीत काय आहे, हे चोराला कळते!

संगणकाचा प्रोसेसरही वेळ वाचावा म्हणून पुढील काम अंदाजाने आधीच करतो. अंदाज चुकल्यास ते रद्द होते. परंतु तात्पुरत्या स्मृतीत त्याच्या खुणा उरतात. त्यांवरून गुप्त माहिती हेरता येते, हे संशोधकांनी जानेवारी २०१८ मध्ये जगापुढे मांडले. या दोषांना ‘मेल्टडाउन’ व ‘स्पेक्टर’ ही नावे मिळाली.

दोष यंत्राच्या घडणीतच होता. म्हणून आज्ञावलीत दुरुस्त्या करण्यात आल्या. त्यांमुळे काही संगणकांचा वेग मंदावला. घाईने केलेल्या एका दुरुस्तीमुळे तर काही संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागले!

तरीही दुरुस्ती आवश्यकच होती. घराचे दार उघडे टाकून धावणाऱ्याचा वेग काय कामाचा?

स्वाध्याय
१. सांडलेले कण कशाचे द्योतक आहेत?
२. दुरुस्तीने काय साधले व काय गमावले?