रस्त्यावरच्या जादूगारासाठी टेबल बनवताना: डिझाइन आधी जमिनीवरून, मग जादूवरून

व्हिडिओत आपण टेबल जोडून, उभं करून, मोडून पाहिलं. इथे त्यामागचं गणित नीट लिहून देतो, कारण कॅमेऱ्यासमोर आकडे पटापट निघून जातात आणि नंतर तुम्ही मला फोनवर तेच विचारता.

ऑर्डर अशी आली : उघड्यावर खेळ करणाऱ्या एका जादूगाराला घडीचं टेबल हवं. खेळ शाळेच्या पटांगणात, यात्रेत, गणपतीत वाडीवर आणि शिमग्यात. महाडला महाशिवरात्रीच्या सुमारास विरेश्वराचा छबिना असतो, तिथेही. माणूस एकटाच फिरतो. कधी वीर स्टेशनवरून गाडी पकडतो, कधी कुणाच्या तरी बाईकवर मागे बसतो. त्याचं आधीचं टेबल म्हणजे बाजारातलं चार पायांचं घडीचं टेबल. भर खेळात एका पोराचं कोपर लागलं, टेबल आडवं झालं आणि वाट्या-गोट्या सगळ्यांच्या पायात. त्या दिवशी पुढचा खेळ झालाच नाही. आणि आयोजकाने ठरलेल्या पैशातले निम्मेच हातावर ठेवले.

आता नवशिक्या काय करतो? लगेच विचारतो, "वरचा कप्पा कसा हवा? गुप्त खाच कुठे हवी?" ते शेवटी. आधी हे विचारा : टेबल कोण उचलणार, कशावरून नेणार, कसल्या जमिनीवर ठेवणार, बघणारे उभे की बसलेले? या चार प्रश्नांची उत्तरं कागदावर आल्याशिवाय प्लायला करवत लावू नका.

पुण्याचे जादूगार रघुवीर यांच्यासारख्या रंगमंचावरच्या जादूगाराला पडदा असतो, विंग असते, सामान लावायला माणसं असतात. आपला पारंपरिक गारुडी तर जमिनीवरच बसायचा, त्याला टेबलाची गरजच नव्हती, म्हणून वाऱ्याचीही भीती नव्हती. आपला गिऱ्हाईक या दोघांच्या मधला आहे. उभा राहून खेळ करतो, पण भोवती सगळं उघडं. (युरोपात पाचशे वर्षांपूर्वीचं, बॉश या चित्रकाराच्या नावावर असलेलं एक चित्र आहे. त्यात टेबलावर वाट्या-गोट्यांचा खेळ चाललाय आणि खेळात गुंगलेल्या माणसाची थैली मागचा एकजण काढतोय. यात्रेत आजही पाकीट सांभाळा म्हणतात ते उगाच नाही.)

जमीन घ्या. आपल्याकडे पटांगण म्हणजे खडी, खळगे, तांबडी माती. चार पायांचं टेबल अशा जागी डुगडुगतं, कारण चौथा पाय हवेत राहतो. तीन पाय कुठेही टेकतात, म्हणून कॅमेऱ्याचा स्टँड तीन पायांचा. पण तीन पायांचा तोटा कुणी सांगत नाही : दोन पायांच्या मधल्या बाजूला ते लवकर पडतं. पाय मध्यापासून ४५ सेंटीमीटर पसरले असतील तर दोन पायांना जोडणारी रेषा मध्यापासून फक्त २२.५ सेंटीमीटरवर येते. टेबल पडतं ते त्या रेषेवरून.

हिशोब सोपा आहे. वजन गुणिले मध्यापासून त्या रेषेचं अंतर, भागिले उंची. टेबल ४ किलो, उंची ९५ सेंटीमीटर. ४ × २२.५ ÷ ९५ म्हणजे जेमतेम १ किलोचा जोर. कोपर पुरे. आता टेबलाखाली मधोमध हूक लावा आणि जादूगाराची सामानाची ७ किलोची बॅग त्याला अडकवा. वजन ११ किलो झालं, तोच जोर २.६ किलोवर गेला. जास्तीचं वजन वाहावं लागलं नाही, बॅग तो आणणारच होता. फक्त बॅग जमिनीपासून चार बोटं वर लटकली पाहिजे. टेकली तर तिचं वजन जमिनीनेच घेतलं, टेबलाला काही मिळालं नाही. फार वर असली तर झोके घेते.

दुसरी गोष्ट तर पूर्ण फुकट आहे. एक पाय जादूगाराकडे आणि दोन पाय लोकांकडे ठेवा. गर्दीचा रेटा पुढून मागे येतो, म्हणजे मागच्या पायाच्या दिशेने. त्या दिशेला अंतर पूर्ण ४५ मिळतं आणि टेबल पाडायला ५ किलोच्या वर जोर लागतो. मागचा पाय जादूगाराच्या दोन पायांमध्ये येतो, अडचण होत नाही. गिऱ्हाइकाला हे तोंडी सांगून भागत नाही. मागच्या पायाला लाल टेप लावून द्या.

वारा विसरू नका. समोरची झालर म्हणजे शीडच. ६० बाय ५० सेंटीमीटरच्या कापडावर ताशी ३६ किलोमीटरचा वारा साधारण २ किलोचा जोर लावतो. जादूगाराच्या पाठीमागून असा वारा आला तर बॅग न अडकवलेलं टेबल लोकांच्या अंगावर जाईल. म्हणून झालर वेल्क्रोवर, झटक्यात निघणारी. खालच्या शिवणीत बारीक साखळी ओवा, म्हणजे उडत नाही.

माप सांगतो. वरची फळी ६० बाय ४० सेंटीमीटर, एकसंध. घडीची फळी दिसायला हुशारी वाटते, पण बिजागरीची फट गोटीला बरोबर सापडते. प्लाय १२ मिलिमीटरचा मरीन, फळीचं वजन पावणेदोन-दोन किलो होतं. कडा पॉलिशने बंद करा. प्लायला पाणी कडेतून लागतं आणि आपला पाऊस कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. काठावर ६ मिलिमीटरची बीडिंग पट्टी, म्हणजे गोटी घरंगळत नाही. पाय ॲल्युमिनियमच्या नळीचे, एकात एक सरकणारे. प्रत्येक तुकडा ५५ सेंटीमीटर, म्हणजे बंद झाल्यावर फळीच्या लांबीत मावतात. आतली नळी सैल वाटली तर नायलॉनचं बुश टाका. लोखंडी नळी स्वस्त पडते, पण त्याच मापात जवळजवळ तिप्पट जड, आणि हे वजन माणूस खांद्यावर घेऊन चालणार आहे. पाय फळीखाली सरळ नाही, साधारण २० अंश बाहेर झुकलेले लावा.

पायाला भोकं दोन उंचीची. उभी गर्दी असेल तर ९५ सेंटीमीटर. शाळेत पोरं जमिनीवर बसतात, त्यांचे डोळे फळीच्या खाली राहतात. मग दिसत नाही म्हणून पोरं उठतात, पुढे सरकतात आणि खेळ विस्कटतो. तिथे ७५ ठेवा आणि बसलेल्यांना थोडं मागे घ्या.

वरचं कापड काळं मखमल, खाली पातळ फोम. पण आपली तांबडी धूळ काळ्यावर लगेच दिसते, म्हणून कापडही वेल्क्रोवर आणि दोन नग द्या. मागच्या बाजूचा कप्पा जादूगाराला विचारून करा. त्यात काय ठेवणार ते विचारू नका. त्याचं पोट त्यावर आहे, आपण फक्त माप घ्यायचं.

आता पैशाकडे या. दर तुमच्या बाजारातले धरा, मी समजण्यापुरते आकडे घेतो. माल २,४०० रुपये. वाया जाणारा माल दहा टक्के, २४०. नऊ तास काम, तासाला १२० प्रमाणे १,०८०. वीज, भाडं, ब्लेड वगैरे ३००. झाले ४,०२०. नवीन मुलगा फक्त २,४०० मोजतो, ३,५०० ला विकतो आणि ११०० सुटले म्हणून खूश होतो. खरं तर स्वतःचे तास धरले की ५२० रुपये खिशातून गेलेत. माझा भाव ५,२०० असता, निम्मे आधी घेऊन. पहिल्या नगाला नऊ तासांत होणार नाही, पाय झुकवायचा लाकडी फर्मा बनवण्यातच वेळ जातो. तो वेळ पहिल्या गिऱ्हाइकाच्या माथी मारू नका, फर्मा पुढच्या नगांना चालतो.

पुढचे नग कुणाला? वीर, महाड, पोलादपूर मिळून जादूगार बोटांवर मोजण्याइतके. फक्त त्यांच्यासाठी माल भरून ठेवायचा विचार असेल तर माझं स्पष्ट मत, करू नका. पण हाच तीन पायांचा स्टँड, फळी बदलून, बचत गटाच्या स्टॉलला चालतो, सिमकार्ड विकणाऱ्याला चालतो, आंब्याच्या दिवसांत हायवेवर कापून चव दाखवणाऱ्याला चालतो. स्टँड एकच, फळ्या वेगळ्या. जादूगाराची फळी ऑर्डर आली तरच करायची.

गिऱ्हाईक तुम्हाला एक प्रश्न विचारेल : टेबलाला पैशाची पेटी लावून द्याल का? लावण्याआधी त्याला सांगा. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंध कायद्यात, गाणं, नाच किंवा खेळ दाखवण्याच्या निमित्ताने सार्वजनिक जागी भिक्षा घेणंही भीक मागण्याच्या व्याख्येत येतं. त्यापेक्षा शाळा, मंडळ, यात्रा समिती यांच्याशी आधी रक्कम ठरवून पावती देणं बरं. पेटीऐवजी झालरीवर नाव, फोन नंबर आणि "हातचलाखीचे प्रयोग" एवढं मोठ्या अक्षरात शिवून द्या. "चमत्कार" लिहायला सांगितलं तरी लिहू नका. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवण्याला शिक्षा आहे, आणि तो बोर्ड तुमच्या दुकानात शिवला गेलेला असेल.

ताबा देताना त्याच्याकडूनच टेबल तीनदा उभं करून घ्या, घड्याळ लावून. दोन मिनिटांच्या वर वेळ लागला तर कुठे अडकतंय ते बघा, बहुतेक विंग नटच असतो. तो सुटा ठेवू नका, बारीक साखळीने पायाला बांधा. तरी चार जास्तीचे पिशवीत टाकून द्या.