सकाळचं अत्तर दुपारी वेगळं का वाटतं?

प्रश्न : भाच्याने दुबईहून अत्तराची लहानशी बाटली आणली. झाकणाला काचेची काडी आहे. मनगटाला लावलं की आधी उग्र वास येतो, थोडा गोठ्यातला, थोडा औषधाचा. तासाभराने तेच अत्तर गुलाबासारखं गोड होतं. दुपारी मला काहीच येत नाही, आणि संध्याकाळी शेजारी बसलेला विचारतो, "आज काय लावलंय?" अत्तर बनावट आहे, की माझ्या नाकात बिघाड आहे?
— एक वाचक, वडनेर (ता. हिंगणघाट, जि. वर्धा)

उत्तर : तुमचं नाक उत्तम काम करतंय. उग्र, मग गोड, मग स्वतःला न येणारा पण दुसऱ्याला येणारा वास, हा क्रम तुम्ही इतका नेमका टिपलात की उत्तराची अर्धी वाट तुमच्या पत्रातच आहे.

अत्तर म्हणजे एक वास नव्हे. त्यात अनेक सुगंधी द्रव्यं एकत्र असतात आणि प्रत्येकाची हवेत उडून जाण्याची घाई वेगळी असते. लिंबाच्या सालीतल्या लिमोनीनचा रेणुभार 136, गुलाबातल्या जिरॅनिऑलचा 154, चंदनातल्या सँटॅलॉलचा 220 आणि कृत्रिम कस्तुरी म्हणून वापरल्या जाणाऱ्या गॅलॅक्सोलाइडचा 258. साधारणपणे हलके आधी उडतात, जड मागे राहतात. पण वजन हा एकच हिशेब नाही. रेणू एकमेकांना आणि तेलाला किती घट्ट धरून बसतात, यावरही बरंच ठरतं. पहिल्या दहा मिनिटांत तुम्ही जे हुंगता आणि सहा तासांनी जे मागे उरतं, त्यात सारखं असं फार थोडं असतं.

आता गोठ्याच्या वासाकडे येऊ. तुमच्या बाटलीत बहुधा ऊद आहे, निदान ऊदाची नक्कल तरी. ऊद मिळतो अगरूच्या झाडापासून. आपल्याकडे हे झाड आसामात वाढतं आणि तिथलं होजाई हे गाव या व्यापाराचं मोठं केंद्र आहे. निरोगी झाडाच्या लाकडाला हा सुगंध नसतो. खोडाला जखम होऊन बुरशी शिरली की झाड बचावासाठी काळपट राळ तयार करतं, तीच मौल्यवान. हे लाकूड ऊर्ध्वपातनाआधी अनेकदा कित्येक दिवस पाण्यात भिजवून ठेवतात. तिथे ते आंबतं, आणि त्या आंबण्यातून आलेली छोटी, चटकन उडणारी द्रव्यं सुरुवातीला नाकावर आदळतात. ती निघून गेली की गुलाब पुढे येतो. ऊद आणि गुलाब ही अरबांची फार आवडती जोडी आहे. अशा मिश्र अत्तराला ते मुखल्लत म्हणतात. म्हणून बाटली उघडताक्षणी अत्तराला नावं ठेवू नयेत, असं मी आग्रहाने सांगेन. दुकानात उभ्याउभ्या केलेली निवड हमखास चुकते ती याचमुळे.

स्प्रेच्या सेंटमध्ये अल्कोहोल असतं. ते काही क्षणांत उडतं आणि जाताना हलके सुगंध एकदम हवेत फेकतं. काडीने लावायच्या अत्तरात अल्कोहोल नसतं, सगळं तेलात असतं. त्यामुळे त्याचा वास खोलीभर पसरत नाही, अंगाजवळ राहतो आणि सावकाश बदलतो.

दुपारी अत्तर संपलेलं नसतं, नाक थकलेलं असतं. एकच वास सतत येत राहिला की मेंदू त्याची दखल घेणं सोडून देतो. स्वतःच्या घराचा वास आपल्याला येत नाही, पाहुण्याला येतो, त्यातलाच हा प्रकार. शेजाऱ्याचं नाक ताजं असतं, म्हणून तो विचारतो. शिवाय काही माणसांना ठरावीक कृत्रिम कस्तुरींचा वास मुळातच येत नाही. तो दोष नव्हे, जन्मजात फरक आहे.

वडनेरच्या मे महिन्यात हे सगळं आणखी वेगाने घडतं. कोरड्या, तापलेल्या हवेत हलकी द्रव्यं भराभर उडतात आणि ऊद, कस्तुरी लवकर उघडी पडून डोक्यात जातात. आपले जुने लोक उन्हाळ्यात वाळा नि मोगरा, आणि थंडीत हिना लावत, त्यात पुष्कळ शहाणपण होतं. तुमचं हे अत्तर दिवाळीनंतर काढा. उन्हाळ्यात लावायचंच असेल तर कापसाच्या फायावर घेऊन कानात ठेवा. हिंगणघाटच्या बाजारपेठेजवळ राहणाऱ्याला कापसाची काय वाण! कापसाचा तंतू तेल धरून ठेवतो आणि अंगाची ऊब थेट लागत नसल्याने प्रत्येक टप्पा लांबतो. मनगटाला लावलंत तर दोन्ही मनगटं एकमेकांवर घासू नका. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवरही लावू नका, कारण काही सुगंधी तेलांमुळे तिथे डाग पडू शकतात.

दुबईचं म्हणून हे अत्तर परकं मानायचं कारण नाही. आखातात आजही अत्तर तोळ्याने विकतात, तोच आपला 11.66 ग्रॅमचा तोळा. खानदेश, निमाड, वऱ्हाडाच्या रानात उगवणाऱ्या रोशा गवताचं तेल एके काळी मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राकडे जाई आणि तिथून तुर्कस्तानात. त्याचा वास गुलाबाच्या इतका जवळचा की तिथे ते गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई. दोन्हींत जिरॅनिऑल असतं, हे त्याचं कारण. सुगंधाचं शास्त्र तर मराठीत फार आधीच लिहिलं गेलं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी 1945 साली 'गंधवाद' नावाचा अपरिचित ग्रंथ उजेडात आणला, त्यावरची टीका मराठीत आहे. या विषयात आपण पाहुणे नाही.

बनावटीबद्दल एवढंच. अगरूच्या साऱ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 2005 पासून नियंत्रण आहे आणि शुद्ध ऊद अतिशय महाग असतो. स्वस्तातल्या बाटलीत तो कृत्रिमच असणार. पण अत्तर तासातासाला बदलत असेल आणि संध्याकाळपर्यंत टिकत असेल, तर ते मन लावून बनवलेलं आहे. बाटली उन्हापासून दूर, कपाटात ठेवा आणि एका वेळी काडीचा एकच स्पर्श पुरे करा.