डॉक्टर मॅनेट माणसात येतात
(मोठ्या गटाचा धडा)



मोठ्या गटातल्या काही जणांना शाळेत चार्ल्स डिकन्सची 'अ टेल ऑफ टू सिटीज' ही कादंबरी नेमली आहे. पुस्तक वाचून झाले, पण आजीला फोनवर गोष्ट सांगताना गाडी अडली. "ते तुरुंगातून सुटले आणि मग बरे झाले," एवढेच सांगून फोन आईकडे! म्हणून ह्या वेळी आम्ही ह्या 'बरे होण्या'वरच धडा घेतला. मराठीत त्यासाठी एक शब्द नाही, बरेच आहेत, आणि डॉक्टर मॅनेटना जवळजवळ सगळेच लागतात.

ज्यांनी वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कादंबरी १८५९ सालची. मॅनेट हे पॅरिसमधले तरुण डॉक्टर. १७५७ साली दोन उमराव भावांचे एक भयंकर कृत्य त्यांच्या नजरेस पडते. ते त्याची तक्रार लिहितात, आणि खटला नाही, चौकशी नाही, थेट बॅस्टिलच्या तुरुंगात जातात. तिथे १८ वर्षे. इकडे पत्नी वारते. मुलगी ल्यूसी इंग्लंडमध्ये वाढते, वडील हयात नाहीत असे समजून. १७७५ साली ते सुटतात, तेव्हा त्यांचा जुना नोकर दफार्ज त्यांना आपल्या दारूच्या दुकानावरच्या माळ्यावर ठेवून घेतो. ल्यूसीला तिथे घेऊन जातात ते बँकेतले म्हातारे लॉरीकाका. (काका आम्ही लावले. आपल्याकडे अशा माणसाला नुसते लॉरी कोण म्हणेल?)

माळ्यावर काय दिसते? बाकड्यावर वाकून जोडे शिवणारा एक पांढऱ्या केसांचा माणूस. नाव विचारले तर तो सांगतो, "एकशे पाच, उत्तर बुरूज." कोठडीचा नंबर हेच नाव होऊन बसले आहे! दार उघडे राहिले तर तो घाबरेल म्हणून दफार्ज बाहेरून कुलूप लावतो. इथे एकाने विचारले, "मग ते बेशुद्ध होते का?" नाही. बेशुद्ध माणूस शुद्धीवर येतो. ह्यांचे हात चालू आहेत, डोळे उघडे आहेत, फक्त भान नाही. असा माणूस भानावर येतो. ल्यूसीचे सोनेरी केस पाहून ते गळ्यातली चिंधी सोडतात. तिच्यात पत्नीचे एक-दोन केस जपून ठेवलेले असतात. तेच हे केस, असे त्यांना वाटते. भानावर येण्याची ही पहिली खूण. पण गाडीत बसतानाही ते आपली हत्यारे आणि अर्धवट राहिलेले जोडे मागून घेतात.

हत्यारांची नावे मुलांना नवीन होती. चामडे कापायची ती रापी, भोक पाडायची ती आरी. दोन्ही शब्द वहीत लिहा.

पाच वर्षांनी, १७८० मध्ये, डॉक्टर लंडनच्या सोहो भागात राहत आहेत, रोगी तपासत आहेत, कोर्टात साक्ष देत आहेत. म्हणजे ते सावरले आहेत, माणसात आले आहेत. तरीही रात्री कधी उठून खोलीत येरझाऱ्या घालतात. ल्यूसी काही न विचारता त्यांच्याबरोबर चालत राहते. आणि बाकडे अजून झोपायच्या खोलीत आहे.

मग ल्यूसीचे लग्न ठरते. लग्नाच्या सकाळी जावई आपले खरे घराणे सासऱ्यांना सांगतो. तेच उमराव! मुलगी हसतमुखाने निरोप घेऊन जाते आणि डॉक्टर पुन्हा बाकड्यावर. आपण म्हणतो, दुखणे उलटले. नऊ दिवस ठकठक चालू राहते. लॉरीकाका आयुष्यात पहिल्यांदा बँकेला दांडी मारून त्यांच्या खोलीत खिडकीशी वाचत-लिहीत बसतात. घरातल्या मिस प्रॉस आणि ते, दोघेही ल्यूसीला काही कळू देत नाहीत. हत्यारे काढून घेत नाहीत, ओरडत नाहीत, प्रश्नांचा भडिमार करत नाहीत. रोजच्यासारखे बोलत राहतात, एवढेच. दहाव्या दिवशी सकाळी डॉक्टर शांतपणे पुस्तक वाचताना दिसतात.

पुढचा भाग आम्हांला सगळ्यांत आवडला. लॉरीकाका त्यांना 'आपल्या एका मित्राचे' दुखणे म्हणून सगळे सांगतात आणि डॉक्टर म्हणून त्यांचा सल्ला विचारतात. डॉक्टरांना कळायचे ते कळते, पण तेही 'तो मित्र' म्हणूनच बोलतात. बोटे गुंतली की डोक्यातला त्रास कमी व्हायचा, म्हणून ते काम त्याला सोडवत नाही, असे ते समजावतात. रोगीही तेच आणि वैद्यही तेच! मग विचार होतो की ते सामान घरात ठेवावे का. डॉक्टर फार कष्टाने कबूल होतात, मुलीसाठी. अट एकच, आपल्या पाठीमागे न्या. ते बाहेरगावी गेल्यावर काका आणि मिस प्रॉस बाकडे फोडून चुलीत जाळतात, हत्यारे आणि चामडे बागेत पुरतात. चोरी केल्यासारखे चेहरे करून.

ह्यावर वर्गात वाद झाला. एक आई म्हणाली, "जाळले ते चुकले. बुडत्याला काडीचा आधार. ती काडीच काढून घेतली." एक बाबा म्हणाले, बाकडे असेपर्यंत तुरुंग घरातच होता. आमचे मत? विचारून घेतले म्हणून चालले. न विचारता नेले असते तर तो दुसरा तुरुंगवास झाला असता.

वर्गातली सर्वांत लहान मुलगी मात्र अडून बसली होती: "पण शेवटी ते बरे झाले की नाही?" सरळ उत्तर देता आले नाही. क्रांतीच्या काळात जावई पॅरिसमध्ये पकडला जातो, तेव्हा बॅस्टिलचा जुना कैदी म्हणून डॉक्टरांचा शब्द चालतो. ज्या दुःखाने मोडले, त्याच्याच जोरावर ते जावयाला सोडवून आणतात. पण कोठडीत लपवलेला त्यांचाच जुना कागद बाहेर निघतो. त्यात त्यांनी त्या घराण्याला शाप दिलेला असतो, आणि त्यावरच जावयाला मृत्युदंड होतो. त्या रात्री डॉक्टर घरी येऊन विचारतात, माझे बाकडे कुठे आहे? जावई वाचतो, पण डॉक्टर पुन्हा रोगी तपासू लागले हे आपल्याला कळते ते दुसऱ्याच एका पात्राच्या मनातल्या चित्रातून.

डिकन्सने हे नुसत्या कल्पनेने लिहिले नसावे. १८४२ मध्ये फिलाडेल्फियाच्या तुरुंगात एकान्तात ठेवलेले कैदी त्याने स्वतः पाहिले होते, आणि ह्या शिक्षेविरुद्ध त्याच वर्षी लिहिलेही होते.

जाता जाता: लंडनला गेलात तर सोहोमध्ये ह्या डॉक्टरांच्या नावाची मॅनेट स्ट्रीट ही छोटी गल्ली आहे. पाटी शोधा.

गृहपाठ: शुद्धीवर येणे, भानावर येणे, सावरणे, माणसात येणे, दुखणे उलटणे. प्रत्येकाचे एक वाक्य, पण डॉक्टर मॅनेट सोडून दुसऱ्या कोणाबद्दल. आणि ही गोष्ट आजीला फोनवर सांगा. बाकडे जाळावे की नाही, हे तिला विचारून तिचे उत्तर तिच्याच शब्दांत लिहून आणा.