ट्रॅक्टरचा सेल्फ, बॅटरी आणि भारण : वायरिंगची ओळख व निगा

मृगाचा पाऊस पडून जातो, जमिनीला वाफसा येतो आणि पेरणीसाठी हाती मोजकेच दिवस उरतात. अशा वेळी सकाळी चावी फिरवावी आणि ट्रॅक्टर सुरूच होऊ नये, हा अनुभव पुष्कळ शेतकऱ्यांना येतो. इंजिन निर्दोष असते, पेरणीयंत्र जोडून तयार असते. काम अडते ते एखाद्या सैल पकडीपाशी किंवा गंजलेल्या तारेपाशी. ही वायरिंग दिसते तितकी गुंतागुंतीची नाही. तिची रचना एकदा समजून घेतली, तर बरेचसे दोष जागच्या जागी ओळखता येतात.

तीन मार्ग

ट्रॅक्टरची बॅटरी सामान्यतः १२ व्होल्टची असते. तिच्या ऋण टोकाची तार ट्रॅक्टरच्या सांगाड्याला जोडलेली असते. हिलाच अर्थ म्हणतात. त्यामुळे वीज तारेतून जाते व लोखंडी सांगाड्यातून परत येते. या व्यवस्थेत तीन मार्ग आहेत.

पहिला जाड तारेचा मार्ग. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेली जाड केबल सेल्फवरील सोलेनॉइडच्या मोठ्या टर्मिनलला येते. सेल्फ फिरताना काही सेकंद शेकडो अँपिअर वीज ओढतो, म्हणून ही केबल व अर्थची केबल दोन्ही जाड असावी लागतात.

दुसरा बारीक तारेचा, म्हणजे हुकमाचा मार्ग. चावीकडून निघालेली वीज न्यूट्रल अथवा क्लचच्या सुरक्षा-स्विचमधून सोलेनॉइडच्या लहान टर्मिनलला पोहोचते. सोलेनॉइड आतला संपर्क जोडतो व जाड मार्ग खुला होतो.

तिसरा भारणाचा, म्हणजे चार्जिंगचा मार्ग. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा आल्टरनेटर वीज तयार करतो. त्याच्या बी प्लस टर्मिनलची तार बॅटरीच्या धन बाजूला मिळते. दुसरी बारीक तार चावीपासून डॅशबोर्डवरील लाल दिव्यातून आल्टरनेटरच्या डी प्लस टर्मिनलला जाते. बऱ्याच आल्टरनेटरांना वीज निर्माण करण्याची पहिली चालना या दिव्यातूनच मिळते. म्हणून हा दिवा उडाला, तर केवळ खूण नाहीशी होते असे नाही, भारणही सुरू न होण्याचा संभव असतो.

हिशेब काय सांगतो

समजा, सेल्फने ५ सेकंद ३०० अँपिअर वीज ओढली. हा खर्च सुमारे ०.४ अँपिअर-तास होतो. आल्टरनेटरने १० अँपिअरने भरणा केला, तर तीन-चार मिनिटांत तो भरून निघतो. याउलट ५५ वॅटचे दोन दिवे सुमारे ९ अँपिअर घेतात. ते रात्री आठ तास चुकून चालू राहिले, तर ७२ अँपिअर-तास खर्च होतात आणि ८८ अँपिअर-तासांची बॅटरी जवळजवळ रिकामी होते. इंजिन बंद ठेवून गाणी वाजविणे किंवा जादा दिवे लावणे यांचाही हिशेब असाच धरावा.

तारेच्या जोडाचा हिशेब याहून बोलका आहे. गंजलेल्या पकडीत केवळ ०.०१ ओहम इतका विरोध असला, तरी २०० अँपिअर वाहताना तेथे २ व्होल्ट वाया जातात. म्हणजे बॅटरी उत्तम असूनही सेल्फपर्यंत पुरेसा दाब पोहोचत नाही. चांगली बॅटरी मोडीत काढण्यापूर्वी पकडी घासून पाहाव्या, ते याच कारणासाठी.

नवी वायरिंग घालताना

गोठ्यात किंवा शेडमध्ये उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या तारा उंदीर कुरतडतात. अशा वेळी पुढील क्रमाने काम करावे.

१. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, हातब्रेक ओढावा व चावी काढून घ्यावी. प्रथम अर्थची पकड सोडवावी. धन टोकावर आधी पाना लावल्यास आणि तो लोखंडाला टेकल्यास मोठी ठिणगी पडते.

२. जुनी तार काढण्यापूर्वी प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधावी व कागदावर आकृती काढून घ्यावी.

३. अर्थची केबल जेथे बसते तेथील रंग व गंज खरवडून चकचकीत धातूवर ती घट्ट आवळावी. अर्थ चांगला नसेल, तर बाकीचे सर्व श्रम व्यर्थ होत.

४. नवी तार मूळ तारेइतकी जाड असावी. ३५ अँपिअरच्या आल्टरनेटरला ६ चौ. मि.मी. पेक्षा बारीक तार घालू नये.

५. तारा सायलेन्सर, पंख्याचा पट्टा व पी.टी.ओ. यांपासून दूर न्याव्या. पत्र्याच्या छिद्रातून जाताना रबरी बूच घालावे व ठिकठिकाणी क्लिपा बसवाव्या. नुसता पीळ देऊन केलेला जोड धक्क्याने सुटतो.

६. फ्यूज योग्य अँपिअरचाच घालावा. फ्यूजच्या जागी तार गुंडाळणे म्हणजे आगीला आमंत्रण देणे होय.

७. सर्व जोड तपासून झाल्यावर अर्थ सर्वांत शेवटी जोडावा.

ज्या नव्या ट्रॅक्टरांत इंधनाची फवारणी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होते, त्यांच्या वायरिंगला घरी हात लावू नये. ते काम माहीतगार कारागिराकडे सोपवावे.

तपासणी व दोष

इंजिन बंद ठेवून काही तासांनी मल्टिमीटर लावावा. पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. १२ व्होल्टच्या खाली आकडा असेल, तर ती उतरली आहे असे समजावे. इंजिन मध्यम वेगाने चालू असता १३.८ ते १४.५ व्होल्ट यावेत. आकडा वाढत नसेल, तर भारण होत नाही. १५ च्या वर गेल्यास रेग्युलेटर बिघडला असून बॅटरीचे पाणी आटू लागेल.

चावी फिरवूनही आवाज येत नसेल, तर फ्यूज, न्यूट्रल-स्विच व सोलेनॉइडची बारीक तार पाहावी. नुसती टकटक होत असेल, तर बॅटरी उतरली आहे किंवा पकडी खराब आहेत. सेल्फ जोमाने फिरूनही इंजिन धरत नसेल, तर दोष विजेचा नसून बहुधा इंधनाचा असतो. इंजिन चालू असता लाल दिवा विझत नसेल, तर प्रथम पट्टा सैल आहे का ते पाहावे.

साध्या इंधनपंपाचे बहुतेक जुने ट्रॅक्टर एकदा सुरू झाले की विजेवाचून चालत राहतात. त्यामुळे भारण बंद पडले तरी दिवसभर नांगरट होते आणि दोष कळतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी. लाल दिव्याकडे रोज एकदा पाहण्याची सवय म्हणूनच लाभाची आहे.

जिवाशी गाठ

चावी काम देत नाही म्हणून जमिनीवर उभे राहून सेल्फच्या दोन टर्मिनलांवर पाना किंवा स्क्रू-ड्रायव्हर टेकविण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. ती तत्काळ सोडावी. असे केल्याने न्यूट्रलचा सुरक्षा-स्विच वगळला जातो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला, तर इंजिन धरताच तो पुढे झेपावतो आणि मागच्या मोठ्या चाकासमोर उभ्या असलेल्या माणसाला बाजूला होण्यास क्षणाचाही अवधी मिळत नाही. ट्रॅक्टर नेहमी चालकाच्या जागेवर बसूनच सुरू करावा. सुरक्षा-स्विच बिघडला, तर तो नवा घालावा. त्याच्या तारा एकमेकींना जोडून काम भागवू नये.

भारण चालू असता बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो व तो ठिणगीने पेट घेतो. म्हणून जवळ विडी ओढू नये. बॅटरीत केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे, विहिरीचे पाणी घालू नये. आम्ल अंगावर उडाल्यास भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेल्यास धूत धूतच दवाखाना गाठावा. इंजिन चालू असता बॅटरीची पकड काढू नये, आल्टरनेटरचे डायोड जळतात. ट्रॅक्टरवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरी सोडवावी. सेल्फ एका वेळी १० सेकंदांहून अधिक फिरवू नये व दोन प्रयत्नांत अर्धा-एक मिनिट विसावा द्यावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी गावातील ट्रॅक्टरधारकांना एकत्र बोलवावे, पकडी घासणे, पाण्याची पातळी पाहणे व व्होल्ट मोजणे यांचे प्रात्यक्षिक द्यावे. एक मल्टिमीटर साऱ्या गावाला पुरतो. वैशाखात दिलेला अर्धा तास ऐन पेरणीतला एक दिवस वाचवील. आणि स्क्रू-ड्रायव्हरची प्रथा थांबली, तर एखाद्या घरचा कर्ता माणूसही वाचेल.