मानवी शरीराचा अभ्यास : इनामगाव ते पालघर

पालघर जिल्ह्यातील एखाद्या पाड्यावर अंगणवाडी सेविका बालकाच्या दंडाभोवती मोजपट्टी गुंडाळते, तेव्हा विद्यापीठीय संशोधनाच्या एका प्रदीर्घ परंपरेचा ती उपयोग करीत असते. मानवी शरीराच्या मोजमापांवरून त्याच्या वाढीविषयी व जीवनमानाविषयी अनुमान काढणाऱ्या या शास्त्राला मानवमिती असे म्हणतात. महाराष्ट्रात या शास्त्राची पायाभरणी कशी झाली आणि ग्रामपंचायतीच्या दैनंदिन कारभाराशी त्याचा संबंध कसा येतो, हे जाणून घेणे उद्बोधक ठरेल.

मानवाचे अपत्य परावलंबी का?

उत्क्रांतीच्या ओघात मानव दोन पायांवर ताठ चालू लागला. त्यासाठी त्याच्या कमरेच्या हाडांची रचना बदलली आणि प्रसूतीचा मार्ग अडचणीचा झाला. पुढे मेंदूचा आकार वाढत गेला. परिणामी मानवाचे मूल मेंदूची बरीच वाढ शिल्लक असतानाच जन्माला येते. नवजात बालकाचा मेंदू प्रौढाच्या मेंदूच्या एक-तृतीयांशाहूनही लहान असतो. दोन वर्षांच्या आत तो सुमारे तीन-चतुर्थांशापर्यंत पोहोचतो. या दोन वर्षांतील उपासमारीचे परिणाम पुढे पूर्णपणे भरून निघणे कठीण असते. गरोदर मातेच्या व तान्ह्या बालकाच्या आहाराला जे महत्त्व दिले जाते, त्याचे मूळ कारण मानवाच्या शरीररचनेतच आहे.

पुण्यातील अध्ययन

डॉ. इरावती कर्वे यांनी बर्लिन येथे मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा अभ्यास करून डॉक्टरेट संपादन केली. ही असमानता वंशाशी निगडित नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पना प्रबळ असलेल्या त्या काळी असा निष्कर्ष मांडणे धैर्याचे होते. १९३९ मध्ये त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये रुजू झाल्या. महाराष्ट्रातील निरनिराळ्या समाजांच्या शारीरिक मोजमापांवरील त्यांचा व प्रा. वि. म. दांडेकर यांचा ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला.

याच संस्थेने १९६८ ते १९८३ या काळात पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठच्या इनामगाव येथे उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन वसाहत सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची आहे. घराच्या जमिनीखाली दोन रांजणांची तोंडे एकमेकांस जुळवून त्यांत बालकांना पुरण्याची तेथे प्रथा होती. उत्खननात सापडलेल्या दोनशेहून अधिक दफनांत बालकांची संख्या मोठी आहे. डॉ. सुभाष वाळिंबे, डॉ. जॉन ल्यूकाक्स आदी संशोधकांनी या सांगाड्यांचा व दातांचा बारकाईने अभ्यास केला.

दात घडत असताना मूल आजारी पडले किंवा उपाशी राहिले, तर दातावरील कठीण आवरणाची वाढ थांबते व तेथे आडवी खाच उमटते. हाड आयुष्यभर बदलत राहते. मात्र दाताचे हे आवरण एकदा तयार झाले की त्याची पुनर्रचना होत नाही. त्यामुळे ज्या बालकाचे नावही इतिहासाला ठाऊक नाही, त्याच्या हालअपेष्टांची नोंद हजारो वर्षे टिकून राहते. इनामगावच्या अखेरच्या कालखंडातील बालकांच्या सांगाड्यांत वाढ खुंटल्याच्या खुणा अधिक दिसून येतात.

पालघरपुढील प्रश्न

१ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आलेल्या पालघर जिल्ह्यात १९६९ पासून वीजनिर्मिती करणारे तारापूरचे अणुविद्युत केंद्र आहे व बोईसरची मोठी औद्योगिक वसाहतही आहे. त्याच जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात वावर-वांगणी येथे १९९२-९३ मध्ये झालेल्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. भाताची कापणी उरकली की जव्हार-मोखाड्याकडील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर मजुरीसाठी वसई, भिवंडी, बोईसर या भागांत जातात. त्यांच्याबरोबर मूलही जाते. त्याच्या वजनाची नोंदवही मात्र पाड्यावरील अंगणवाडीत राहते. वाढीचा आलेख असा मध्येच तुटला, तर धोक्याची सूचना वेळेवर मिळत नाही.

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरल्यास ते तीव्र कुपोषित समजले जाते व त्याला तातडीने उपचारांची गरज असते. ११.५ ते १२.५ सेंटिमीटरच्या दरम्यानचा घेरही सावधगिरीचा इशारा होय. हे मोजमाप करण्यास एका मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही.

पंचायतीचे कर्तव्य

स्थलांतराच्या हंगामापूर्वी ग्रामपंचायतीने गाव सोडणाऱ्या कुटुंबांतील बालकांची व गरोदर मातांची यादी करावी. प्रत्येक मातेजवळ माता-बाल संरक्षण कार्ड अद्ययावत नोंदींसह असल्याची खात्री करून घ्यावी. ज्या गावाच्या हद्दीत वीटभट्टी वा बांधकाम आहे, तेथील पंचायतीनेही ‘ही मुले आपल्या गावची नाहीत’ असे न म्हणता त्यांची नावे जवळच्या अंगणवाडीत दाखल करवून घ्यावीत. शिक्षकांना विज्ञानाच्या तासाला विद्यार्थ्यांची उंची व वजन मोजून वाढीचा आलेख काढून दाखविता येईल. त्यातून शरीरशास्त्राचा पाठ तर होईलच, शिवाय खुंटलेली वाढही लक्षात येईल.

इनामगावच्या बालकांची कहाणी संशोधकांना सुमारे तीन हजार वर्षांनंतर वाचता आली. त्यांच्यासाठी काही करणे कोणालाही शक्य नव्हते. पालघरच्या बालकांची मोजमापे मात्र आजच हाती आहेत. ती वेळेवर वाचली गेली, तरच या शास्त्राचे सार्थक होईल.