दुकानात दोन महिन्यांचा माल, घरात चार दिवसांचे पीठ

व्यापाराच्या पानावर सूत, कापड, भागीदारी आणि हिशेबाच्या गोष्टी असतात. आज धान्याची गोष्ट करायची आहे. कापडवाल्याला धान्याशी काय देणेघेणे, असे काही बांधवांना वाटेल. पण ज्याने मंदीचे दोन-चार हंगाम पाहिले आहेत त्याला ठाऊक आहे की, पीठ-तेल महागले की पहिली कात्री कपड्यावर चालते.

हिशेब करून पाहा. मानू या की एका यंत्रमाग कामगाराची महिन्याची कमाई १५,००० रुपये आहे आणि त्यातले ९,००० रुपये खाण्यावर जातात. उरलेल्या ६,००० रुपयांत घरभाडे, वीज, मुलांची फी, दवापाणी आणि कपडालत्ता. आता पीठ, तेल, डाळ मिळून खाण्याचा खर्च २० टक्क्यांनी वाढला, म्हणजे महिन्याला १,८०० रुपये जास्त लागले. ही रक्कम त्या ६,००० मधूनच जाणार. म्हणजे हातात उरणाऱ्या पैशातले ३० टक्के गेले. भाडे थांबत नाही, दवा थांबत नाही. थांबतो तो नवा जोड. मग दुकानाचा गल्ला बसतो, दुकानदार मागवाल्याचे पैसे थकवतो, मागवाला पाळी कमी करतो आणि फटका फिरून त्याच कामगारावर येतो. म्हणून प्रत्येक घरात धान्य पुरेसे असणे ही आपल्या धंद्याचीही गरज आहे.

दूरचा धक्का गल्लीपर्यंत

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला. हे दोन्ही देश गहू आणि सूर्यफूल तेलाचे मोठे विक्रेते. काळ्या समुद्रातील युक्रेनची बंदरे बंद पडली. आपला देश खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज बाहेरून भागवतो आणि त्या वेळी सूर्यफूल तेलाचा मोठा भाग युक्रेनमधून येत असे. ते थांबल्यावर सर्वांची नजर पामतेलाकडे वळली. तेव्हा पामतेलाचा जगातील सर्वांत मोठा उत्पादक इंडोनेशिया, याने २८ एप्रिल २०२२ पासून निर्यातच बंद केली, कारण त्यांच्या स्वतःच्या लोकांना परवडेल अशा भावात तेल मिळत नव्हते. ही बंदी २३ मे रोजी उठली. त्याच दिवसांत उत्तर भारतात मार्चच्या उष्णतेने गव्हाचा दाणा बारीक राहिला आणि १३ मे २०२२ रोजी आपल्या सरकारने गव्हाची निर्यात थांबवली.

तीन महिन्यांच्या आत तीन दारे लागली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा भावनिर्देशांक मार्च २०२२ मध्ये तोपर्यंतच्या सर्वांत वरच्या पातळीवर गेला होता. आमचे बेकरीवाले बांधव हा निर्देशांक पाहत नाहीत, पण मैदा आणि वनस्पती तुपाचे भाव त्यांना रोज सकाळी समजतात.

दारे आपल्याकडूनही लागतात. २० जुलै २०२३ रोजी भारताने बासमती सोडून इतर पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. त्याच महिन्यात संयुक्त अरब अमिरातीने तांदळाची फेरनिर्यात चार महिन्यांसाठी थांबवली. भारताची बंदी २८ सप्टेंबर २०२४ रोजी उठली. यातून समजायचे ते एवढेच की, तंगीच्या वेळी प्रत्येक देश आधी आपले दार लावतो. आपणही लावतो. तेव्हा दुसऱ्याच्या दारावर सगळा भरवसा ठेवून घर चालवणे शहाणपणाचे नाही.

एकाच गोदामावर भरवसा ठेवण्याचे काय होते, ते लेबनॉनने पाहिले. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूत बंदरात स्फोट झाला आणि बंदरातील धान्याची उंच कोठारे उद्ध्वस्त झाली. त्यांची क्षमता सुमारे १,२०,००० टन होती. गव्हासाठी परदेशावर अवलंबून असलेल्या त्या देशाची मोठी साठवण एकाच जागी होती. स्फोटानंतर सरकारलाच सांगावे लागले की महिनाभर पुरेल एवढेही पीठ शिल्लक नाही. सगळा माल एका गोदामात आणि विमा नाही, असे आपल्यापैकी कोणी करील काय?

आमची चूक

पण आपण घरात तेच करतो. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली तेव्हा माझ्या दुकानात ईदच्या हंगामासाठी दोन महिन्यांचा माल भरलेला होता आणि घरात चार दिवसांचे पीठ होते. सूत कोणाकडून, कोणत्या भावाने, किती उधारीवर घ्यायचे याची वही माझ्याकडे होती. घरातल्या धान्याची वही नव्हती. माग बंद पडले, आठवड्याचा पगार थांबला आणि ज्यांची खरेदी आठवड्याची होती त्यांची चूल आठव्या दिवशी अडली. जमातीने, शेजाऱ्यांनी, तरुण मुलांनी धावपळ करून किट वाटले. अल्लाह त्यांना अज्र देवो. परंतु वाटणारे हात दमले आणि घेणाऱ्यांची मान खाली गेली. ज्या कारागिराने उभ्या आयुष्यात हात पसरला नव्हता, तो रांगेत उभा राहिला. ही गोष्ट मला आजही टोचते. थोडी तयारी आधी असती तर निम्म्या घरांना त्या रांगेत यावे लागले नसते.

साठवण आणि साठेबाजी

इथे एक शंका येते. घरात धान्य भरून ठेवणे म्हणजे एहतिकार, अर्थात साठेबाजी तर नव्हे? इस्लामने साठेबाजाला गुन्हेगार ठरवले आहे. तंगीच्या काळात गावच्या बाजारातून अन्न उचलायचे, भाव चढेपर्यंत दाबून ठेवायचे आणि लोकांच्या भुकेवर नफा कमवायचा, हा तो गुन्हा. इमाम अबू यूसुफ (रह.) यांनी तर अन्नापुरती मर्यादा न ठेवता, जी वस्तू अडवून ठेवल्याने लोकांना त्रास होतो ती अडवणे म्हणजे एहतिकार, असे मत दिले आहे. सूत दाबून ठेवणाऱ्यांनीही यावर विचार करावा.

दुसरीकडे, प्रेषित मुहम्मद (स.) आपल्या कुटुंबासाठी वर्षाचे अन्न बाजूला ठेवीत, अशी ह. उमर (रजि.) यांची रिवायत सहीह बुखारीत आहे. ह. यूसुफ (अ.) यांनी सुकाळातले धान्य कणसातच राखून दुष्काळाची सोय केली, हे कुरआनात आहे. म्हणजे फरक तीन गोष्टींत आहे : किती, केव्हा आणि कशासाठी. घराच्या गरजेइतके, आवक भरपूर असताना, खाण्यासाठी ठेवले तर ती साठवण. गरजेपेक्षा जास्त, तंगीत, विकण्यासाठी ठेवले तर तो एहतिकार. अफवा उठल्यावर दुकानावर तुटून पडणे हेही चुकीचेच, कारण त्या दिवशी आपण शेजाऱ्याच्या वाटचे उचलत असतो.

पहिला थर : घर

आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षाचे धान्य आणि वर्षाचा मसाला भरण्याची जुनी रीत होती. वर्षाचे जमत नसेल तर एक महिन्याचे जास्तीचे असू द्यावे. तेही एकदम शक्य नसेल तर दर आठवड्याच्या खरेदीत एक किलो गहू किंवा तांदूळ आणि पाव किलो डाळ जास्त घ्यावी. सहा महिन्यांत २६ किलो धान्य आणि साडेसहा किलो डाळ बाजूला पडते.

खरेदी आवकेच्या वेळी करावी. नवा गहू मार्च-एप्रिलमध्ये येतो, तूर जानेवारी-फेब्रुवारीत, तांदूळ दिवाळीनंतर. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, शेतीचा हंगाम सरकत नाही. म्हणून रमजानचे सामान रमजानच्या आदल्या आठवड्यात घेण्यापेक्षा त्या मालाच्या आवकेत घेतले तर स्वस्त पडते. धान्याला कडक ऊन दाखवावे, थंड झाल्यावर पत्र्याच्या कोरड्या डब्यात भरावे, डाळीला एरंडेल चोळावे. जुने आधी संपवावे आणि नवे मागे ठेवावे. दुकानात कापडाच्या गाठींना लावतो तोच नियम.

रेशनकार्डाकडे दुर्लक्ष करू नये. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला आहे. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्या कारागिरांना आपल्या गावच्या कार्डावर इथल्या दुकानातून धान्य घेता येते. कार्ड आधारशी जोडलेले आहे की नाही एवढे पाहावे. मालक मंडळींनी आपल्या कारागिरांची कार्डे एकदा तपासून घेतली तर मोठे काम होईल.

दुसरा थर : मोहल्ला

वीस घरांनी मिळून तीन महिन्यांतून एकदा खरेदी करावी. घरटी ६० किलो गहू धरला तर १२ क्विंटल होतात. एवढ्या मालावर घाऊक बाजारात किंवा थेट शेतकऱ्याकडे भाव करता येतो. नियम साधे ठेवावेत. पैसे आधी जमा, उधारी नाही. वही एकाकडे आणि रोकड दुसऱ्याकडे. माल आला त्याच दिवशी सर्वांसमोर काटा लावून वाटप. गोदाम करू नये, माल घरोघरी जावा. सरकार अधूनमधून साठ्यावर मर्यादा घालते. जून २०२३ मध्ये तूर-उडदासाठी किरकोळ दुकानदाराला ५ टन आणि घाऊक व्यापाऱ्याला २०० टन अशी मर्यादा होती. माल घरोघर गेला तर कोणाच्या मनात शंकेलाही जागा राहत नाही.

यात एका माणसाचा विचार व्हावा, तो म्हणजे गल्लीतला किराणावाला. तोही आपलाच भाऊ आहे आणि माग बंद असताना उधारी तोच देतो. त्याला बाजूला सारून ही खरेदी करू नये. ठरावीक दलाली देऊन हे काम त्याच्याकडेच सोपवावे. त्याला भावाची आणि मालाची पारख आहे. तो टिकला तर मोहल्ला टिकेल.

वीस घरांपैकी दोन घरे पैसे भरू शकणार नाहीत, हे धरून चालावे. अशअरी कबिल्याच्या लोकांबद्दल हदीसमध्ये आले आहे की, अन्न कमी पडले की ते सर्वांजवळचे अन्न एका कपड्यात गोळा करीत आणि एकाच मापाने सारखे वाटून घेत. प्रेषितांनी (स.) त्यांना आपले म्हटले आहे. आपण तर कपड्याचाच धंदा करणारे लोक आहोत.

तिसरा थर : परसबाग

आता उगवण्याची गोष्ट. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा क्यूबाला तिकडून येणारे तेल, खत आणि धान्य आटले. हवाना शहरात लोकांनी मोकळ्या जागांवर कमी उंचीच्या भिंतींचे वाफे बांधले, कुजलेले खत भरले आणि भाजी पिकवली. विक्री शेजारच्याच वस्तीत. शहराला ताजी भाजी मिळू लागली. पण पूर्ण खरे सांगितले पाहिजे. या बागांनी क्यूबाचा धान्याचा प्रश्न सुटला नाही. तो देश त्यानंतरही अन्नाचा मोठा भाग बाहेरूनच विकत घेत राहिला. गच्चीवर गहू पिकत नाही. परसबाग भाजी देते, धान्य देत नाही. धान्यासाठी पहिले दोन थर आहेत. परंतु भाजीचे रोजचे पैसे वाचले तर तेच धान्याला लागतात.

मेथी आणि लाल माठ महिनाभरात हाताशी येतात, पालक त्यानंतर थोड्याच दिवसांत. कोथिंबिरीला दीड महिना धरावा. मिरची, टोमॅटो, घोसाळी, दुधी यांना वेळ लागतो, पण ती पुन्हा पुन्हा देतात. शेवगा आणि कढीपत्ता एकदा लावला की वर्षानुवर्षे चालतो. पाच-सहा तास ऊन हवे. तांदळाच्या रिकाम्या गोण्या चालतात. शेळीच्या लेंड्या चांगल्या कुजवून घालाव्यात. मस्जिद-मदरशाच्या आवारात जागा असेल तर वुजूचे पाणी वाफ्यांकडे वळवता येते.

आपल्या गावांसाठी एक ताकीद. सायझिंगचे किंवा रंगाईचे पाणी भाजीला कधीही घालू नये आणि रसायनांचे रिकामे ड्रम, ते कितीही धुतले तरी, कुंडी म्हणून वापरू नयेत. स्वस्तात मिळतात म्हणून आपल्याकडे हा मोह होतो.

या कामात तोटा नाही. मुसलमानाने लावलेल्या रोपातून माणसाने, जनावराने किंवा पाखराने जे खाल्ले ते त्याच्यासाठी सदका ठरते, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. चिमण्यांनी टोमॅटो खाल्ला तरी खात्यावर जमाच.

व्यापारी बांधवांनो, युद्ध कुठे होईल आणि कोणते बंदर बंद पडेल, हे आपल्या हातात नाही. घरातली वही आपल्या हातात आहे. या जुम्याला नमाजानंतर घरी जाऊन डबे उघडून पाहा आणि किती दिवसांचे सामान आहे ते लिहून काढा. मग आपल्याकडे काम करणाऱ्या प्रत्येक कारागिराला हाच प्रश्न विचारा. त्याचे उत्तर आठ दिवसांपेक्षा कमी आले, तर धोका आपल्याही धंद्याला आहे असे समजा आणि कामाला लागा. अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो आणि शेजारी उपाशी असताना पोटभर जेवण्यापासून आपल्याला वाचवो. आमीन.